माघातलं वासरू, श्रावणातलं चिलट

प्रस्तावना

माघात खान्देशातली दादर कापणीला येते, गव्हाच्या ओंब्या भरतात, आणि ऐन कामाच्या गर्दीत खळ्यात बांधलेली एखादी गाय रात्री व्यायला बसते. कळा देते, पाणमोट फुटते, पण पुढे काही सरकत नाही. डॉक्टर येतात, खांद्यापर्यंत हात घालतात. वासराचे पाय हाताला लागतात, पण सरळ होत नाहीत. गुडघ्यात वाकलेले, लाकडासारखे ताठ. शेवटी वासरू आत कापून तुकड्यांनी काढावं लागतं, नाहीतर गाईचं पोट उघडावं लागतं. बॅटरीच्या उजेडात घरची माणसं बघतात: पाठीचा कणा पिळलेला, मान एका अंगाला वळलेली, चारही पाय आखडलेले. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणतं, "गायले ग्रहन लागनं व्हतं." उजाडायच्या आत बांधाकडेला खड्डा होतो, वर मिठाची पिशवी रिकामी होते. गाय वाचली म्हणून देवाचे आभार मानले जातात आणि विषय तिथेच संपतो.

दुसऱ्या एखाद्या गोठ्यात वासरू सहज जन्मतं, दिसायलाही धडधाकट असतं. पण ते आईच्या कासेकडे वळत नाही. तोंडात सड दिला तरी चोखायचं विसरतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, डोळे उघडे असून समोरच्या दावणीवर धडकतं. "खुळं निपजलं," म्हणतात. आठ-पंधरा दिवस बाटलीने दूध पाजतात आणि एका सकाळी तेही पुरलं जातं.

ही पुस्तिका त्या खड्ड्यापाशी सुरू होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले पशुपालक, गावोगाव फिरणारे पशुधन पर्यवेक्षक आणि नव्याने रुजू झालेले पशुवैद्यक यांच्यासाठी ती लिहिली आहे. आईच्या पोटात असताना विषाणूची बाधा होऊन जन्मतःच व्यंग घेऊन येणारी वासरं हा तिचा विषय. पुढच्या प्रकरणांत एकेका विषाणूची ओळख, लक्षणं, नमुने घेण्याची पद्धत आणि प्रतिबंध असं सगळं क्रमाने येईल. त्याआधी या साऱ्याला बांधून ठेवणारं एकच सूत्र इथे सांगायचं आहे. असं वासरू जन्मलं तर आज काय झालं हे शोधत बसू नये. बोटं मोडत मागे मोजत जावं.

ग्रहणाची समजूत इथूनच तपासायला हवी. ग्रहणाच्या दिवशी गाभण गाईच्या पोटावर किंवा शिंगांना गेरू लावण्याची चाल अनेक घरांत अजून आहे. ग्रहणाने वासराचे पाय वाकत नाहीत हे खरं. पण त्या समजुतीत एक निरीक्षण दडलेलं आहे, ते टाकून देण्यासारखं नाही. वासरातलं व्यंग व्यायच्या दिवशी घडत नाही, ते गाय गाभण असताना कित्येक महिने आधी, वरून काही दिसत नसताना घडतं, हे जुन्या माणसांनी ओळखलं होतं. त्यांनी बघितलं ते बरोबर दिशेला. फक्त नजर वर आकाशाकडे गेली. आरोपी शेणाच्या ओलीत वाढत होता.

गाईचा गाभणकाळ नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे साधारण २८० दिवसांचा. म्हशीचा त्याहून महिनाभराने जास्त. या काळात गर्भाचे अवयव ठरलेल्या क्रमाने घडतात. विषाणू गाईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून गर्भात पोचला, तर त्या घडीला जे घडत असेल तेच तो मोडतो. चिलटांमार्फत पसरणाऱ्या अकाबाने नावाच्या विषाणूचं वेळापत्रक संशोधकांनी बारकाईने मांडलेलं आहे. गाभणकाळाच्या साधारण ७६ ते १०४ दिवसांत तो गर्भात शिरला तर मेंदूच्या वाढत्या पेशी नष्ट होतात आणि कवटीत मेंदूच्या जागी पातळ पडद्यात पाणी साचतं. साधारण १०३ ते १७४ दिवसांत शिरला तर पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात. पोटातल्या वासराने पाय हलवले तरच त्याचे सांधे सुटे घडतात. हुकूम थांबला की हालचाल थांबते, आणि न हललेला सांधा आहे त्या वळणात गोठतो. लाकडासारखे ताठ पाय आले ते इथून. हाडाचा दोष नसतो. मुळात दुखणं चेतापेशींचं असतं.

आता हिशेब करून बघा. एखादी गाय वैशाखात, मेच्या सुरुवातीला भरवली. श्रावणात, ऑगस्टच्या मध्याला, तिला सुमारे शंभर दिवस झाले. त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी तिला विषाणू असलेलं चिलट चावलं. तिथून राहिलेले १८० दिवस मोजले की फेब्रुवारीचा मध्य येतो. माघातलं खुळं वासरू हे श्रावणातल्या चिलटाचं काम असतं. त्याच गोठ्यातली दुसरी गाय श्रावणात पाच महिन्यांची गाभण असेल, तर तिचं वाकड्या पायांचं वासरू डिसेंबरातच आलेलं असतं. म्हणून साथीत एक ठरलेला क्रम दिसतो: आधी गाभ टाकणं आणि मेलेली वासरं, मग आखडलेले पाय, आणि शेवटी पाणी भरलेली डोकी. वेगवेगळ्या महिन्यांत आल्यामुळे ती वेगवेगळी संकटं वाटतात. मागे मोजत गेलं की सगळ्या वाटा त्याच दोन-तीन पावसाळी आठवड्यांत जाऊन मिळतात.

आणि त्या आठवड्यांत गाय कशी होती? ठणठणीत. फार तर एखादा दिवस अंग कोमट, दूध लिटरभर कमी. कुणाच्या लक्षातही राहू नये इतकं. या रोगांची खरी अडचण हीच आहे.

अकाबाने हे जपानमधल्या गुन्मा प्रांतातल्या एका गावाचं नाव. १९५९ मध्ये तिथल्या डासांतून हा विषाणू वेगळा केला गेला, आणि नाव देऊन बाजूला ठेवला गेला. त्याने कुणाचं काही बिघडवल्याचं तेव्हा दिसत नव्हतं. १९७२ ते १९७५ या काळात जपानात गर्भपात झालेल्या, मेलेल्या आणि वाकड्या वासरांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली. शोध घेता घेता तपास या बाजूला ठेवलेल्या विषाणूपाशी येऊन थांबला. तो पसरवणारी मुख्य जात डासांची नाही, तर क्युलिकॉइड्स नावाच्या चिलटांची, हेही पुढे स्पष्ट झालं.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेलं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, १९५० च्या दशकात तमिळनाडूतल्या वेल्लोर भागातून डास गोळा करत होतं. हेतू माणसाच्या मेंदूज्वराचा माग काढण्याचा. त्या डासांत काही अनोळखी विषाणू सापडले. रिवाजाप्रमाणे त्यांना गावांची नावं मिळाली: पाल्यम, कसबा, सातुपेरी. माणसाला त्यांचा उपद्रव दिसला नाही, तेव्हा ते नोंदवहीत राहिले. १९८५-८६ मध्ये जपानच्या क्युशू बेटावर मेंदू न वाढलेली वासरं जन्मू लागली. तिथे सापडलेल्या विषाणूला चुझान हे नाव दिलं गेलं. पुढे तुलना केल्यावर चुझान आणि आपला कसबा हे एकच निघाले. २०११ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या श्मालेनबर्ग गावाजवळच्या गाईंत एक नवा विषाणू मिळाला आणि त्याच हिवाळ्यात युरोपभर वाकडी कोकरं आणि वासरं जन्माला आली. त्या विषाणूची जनुकं तपासली तेव्हा जवळचं नातं निघालं सातुपेरीशी. वेल्लोरच्या डासांत सापडलेल्यांचे हे असे सगेसोयरे जगभर गोठ्यांत हजर होते. आपण त्यांना माणसाच्या रक्तात शोधलं आणि वासराच्या कवटीत बघायचं राहून गेलं.

चिलटांनीच पसरणाऱ्या नीलजिव्हेचं (ब्लूटंग) तर मूळ दफ्तरच महाराष्ट्रातलं. भारतातली या रोगाची पहिली नोंद १९६४ मध्ये सप्रे यांनी केली, ती महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांतली. मेंढी या रोगात दिसण्याइतकी आजारी पडते: ताप, सुजलेलं तोंड, लंगडणं. गाय मात्र बहुतेकदा काहीच दाखवत नाही, पण विषाणू रक्तात आठवडेच्या आठवडे बाळगते. साक्री-शिंदखेड्याच्या बाजूने ठेलारी-धनगरांचे कळप दरवर्षी फिरतात आणि वाटेवरच्या गावांत गाई-म्हशी बांधलेल्या असतात. दोघांवर बसणारं चिलट एकच. या विषाणूचे अनेक उपप्रकार आहेत, आणि गर्भापर्यंत पोचण्याची ताकद सगळ्यांत सारखी नाही. २००६ नंतर उत्तर युरोपात पसरलेल्या आठव्या उपप्रकाराने ती ठळकपणे दाखवली. जिवंत विषाणूची लस गाभण मेंढ्यांना टोचल्यानंतर व्यंग असलेली कोकरं जन्मल्याचा अनुभव अमेरिकेने १९५० च्या दशकातच घेतला होता. गाभण जनावराला कोणती लस द्यायची आणि कोणती थांबवायची, हा प्रश्न त्यामुळे कागदी राहत नाही. त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

तिसरा मानकरी बीव्हीडी, म्हणजे बोव्हाईन व्हायरल डायरिया. याला चिलट लागत नाही. लाळ, शेण, नाकातला स्राव आणि वीर्य यांतून तो फिरतो. १९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या गाईंत हगवणीचा रोग म्हणून तो ओळखला गेला, आणि नावात हगवण राहिल्यामुळे गर्भावरचा त्याचा परिणाम लोकांच्या ध्यानात येत नाही. साधारण १०० ते १५० दिवसांच्या गर्भात शिरला तर लहान मेंदू खुरटतो, डोळ्यात मोतीबिंदू होतो. वासरू पाय फाकवून झिंगल्यासारखं उभं राहतं. त्याहून लवकर, पहिल्या चार महिन्यांत शिरला तर आणखी अवघड प्रकार घडतो. गर्भाची प्रतिकारशक्ती अजून जागी झालेली नसते, ती या विषाणूला घरचाच समजते. असं वासरू वरून चांगलं जन्मू शकतं, पण जन्मभर विषाणू सांडत राहतं. भारतीय गुरांमधले या विषाणूचे प्रकार भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने ओळखून नोंदवलेले आहेत. मान्यताप्राप्त वीर्यकेंद्रांतल्या वळूंची या कायमच्या बाधेसाठी चाचणी होते. गावातल्या मोकाट वळूची कुणी करत नाही. गाय कशाने भरवली, या प्रश्नाचं उत्तर म्हणून वासराच्या नोंदीत असायला हवं.

रोग डोळ्यांना दिसला की आपला जिल्हा किती चटकन जागा होतो, हे २०२२ साली सगळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल इथे राज्यातल्या त्या लाटेतला लम्पीचा पहिला रुग्ण सापडला. अंगभर गाठी आलेली गाय लपत नाही. बैलबाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस गोठ्यागोठ्यांत पोचली, पोळ्याला बैल मिरवावेत की नाहीत यावर घराघरांत वाद झाले. लम्पीमुळेही गाई गाभ टाकतात, आणि क्वचित अंगावर गाठी घेऊनच वासरू जन्मतं. पण तो मेंदू पोकळ करणाऱ्यांच्या घराण्यातला नाही. इथे त्याची आठवण वेगळ्या कारणाने. लम्पीत आजारी पडणारं आणि बघणाऱ्याला दिसणारं जनावर एकच होतं. अकाबानेसारख्या रोगात बाधा एका जनावराला होते आणि लक्षण दुसऱ्यात दिसतं, तेही सहा महिन्यांनी. तोवर पावसाळा गेलेला, चिलटं गेलेली, विषाणूही गाईच्या रक्तातून केव्हाच निघून गेलेला असतो.

चिलटाला आपण फारसं मोजत नाही. एक ते तीन मिलिमीटरचा जीव. मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत येतो. दिवस मावळताना आणि फटफटताना चावतो, पोटाकडच्या आणि पायांच्या पातळ कातडीवर बसतो, वाऱ्यावर गावं ओलांडतो. त्याची अळी ओल्या, शेण मिसळलेल्या चिखलात वाढते: पाण्याच्या हाळाभोवती, उकिरड्याच्या कडेला, मूत्र वाहून जातं त्या नालीत. आफ्रिकेत काही जातींची चिलटं केळीच्या कुजक्या खोडांत वाढताना सापडली आहेत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या शेतकऱ्याने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. कापणीनंतर बांधावर रचलेल्या खोडांच्या ढिगालगतच आपली गुरं बांधलेली असतात.

खान्देशची जमीन या बाबतीत दुहेरी आहे. तापी-गिरणेच्या काठाला बारमाही ओल, तर शिंदखेड्याकडे पावसाचीच वाट पाहणारा कोरडा माळ. चिलट बारा महिने असतं तिथे कालवडी लहानपणीच बाधा होऊन गेलेल्या असतात. पहिल्यांदा गाभण राहण्याआधीच त्यांना प्रतिकारशक्ती आलेली असते आणि वासरं धड जन्मतात. उलट कोरड्या भागात काही वर्षं चिलटं कमी राहतात, मग एक चांगला पाऊसकाळ येतो आणि एकदम पुष्कळ गाई पहिल्यांदाच, तेही गाभणपणी, विषाणूला सामोऱ्या जातात. वाकड्या वासरांची लाट चांगल्या पावसाच्या वर्षी येते, ती अशी. दुसरी जोखीम बाजारातली. परराज्यातून आणलेली संकरित गाय किंवा मुऱ्हा म्हैस बहुधा गाभणच विकत घेतली जाते, कारण घेतल्याबरोबर दूध हवं असतं. तिने इथल्या चिलटांचं पाणी कधी चाखलेलं नसतं. सातपुड्याच्या पायथ्याला ठेलाऱ्यांनी जोपासलेली तापी खिल्लार याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढली. पाहुणी म्हैस या हवेत नवखी असते आणि पोटात वासरू घेऊन येते. घ्यायचीच असेल तर गाभण राहण्याआधी, एक पावसाळा हाती ठेवून घ्यावी.

एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो. प्रत्येक व्यंग विषाणूचं नसतं. दोन डोक्यांचं वासरू, वशिंडावर जादा पाय लोंबणारा आणि झूल-कवड्यांनी सजवून दारोदार फिरवला जाणारा बैल, ही गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या घडणीतली गफलत असते. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर आंधळी वासरं जन्मतात. दुष्काळात हिरवा चारा सरल्यावर हे होतं. खनिजांच्या कमतरतेनेही पाय वाकतात. जवळच्या नात्यातला वळू पुन्हा पुन्हा वापरला तर आनुवंशिक दोष वर येतात. गाभण गाईला पहिल्या काही आठवड्यांत न विचारता दिलेलं जंताचं औषध घातक ठरू शकतं. एका गोठ्यात, एकाच वळूची, वर्षाकाठी एखादी घटना असेल तर आधी या बाजूला बघावं. एकाच हंगामात शेजारपाजारच्या पाच गावांत, वेगवेगळ्या वळूंची वासरं तशीच निघाली तर विषाणू धरून चालावं.

खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि तिथे पोचण्याची वाट त्या बांधाकडेच्या खड्ड्याच्या आधी फुटते. मेलेल्या वासराचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, थोडा बर्फात आणि थोडा फॉर्मॅलिनमध्ये, वारेचा तुकडा, गाईच्या रक्ताचा नमुना. हातमोजे घातल्याशिवाय वार आणि मेलेलं वासरू हाताळू नये. गाभ टाकण्यामागे ब्रुसेला नावाचा जंतू असेल तर तो माणसालाही धरतो. नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात.

वासरू जिवंत असेल तर एक पुरावा फक्त पहिल्या तासात मिळतो. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून ती जात नाहीत. वासराला ती चिकातूनच मिळतात. म्हणून चीक पाजण्याआधी घेतलेल्या वासराच्या रक्तात एखाद्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, तर ती आईची असूच शकत नाहीत. ती वासराने स्वतः, पोटात असताना, त्या विषाणूशी झगडून तयार केलेली असतात. एकदा चीक पोटात गेला की आईचं आणि वासराचं यांत फरक करता येत नाही. मात्र त्यासाठी चीक अडवून ठेवू नये. डॉक्टर जवळ असतील तर आधी रक्त, आणि लगेच चीक. नसतील तर चीकच आधी.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. हाळाभोवतीचा चिखल उपसणं, उकिरडा गोठ्यापासून दूर नेणं, केळीची खोडं बारीक करून पसरणं, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. बागायतीतल्या पशुपालकाला आणखी एक युक्ती जमते: गाय आश्विन-कार्तिकात भरवली तर तिचे नाजूक महिने थंडीत आणि कोरड्या दिवसांत जातात. मग वासरं पावसाळ्यात येतात आणि हगवणीची चिंता वाढते, हेही खरं. कोणती जोखीम पत्करायची हे ज्याचं त्याने ठरवावं, पण ठरवताना दोन्ही माहीत असाव्यात.

राहता राहिली नोंद. खान्देशातल्या घरांत दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख, गाय भरवल्याचा दिवस, सारं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिलेलं असतं. त्यातच कधी "गाईने चारा कमी खाल्ला", "दूध घटलं" असंही कुणी लिहून ठेवतं. कुठल्याही रोग अन्वेषणाला याहून चांगला कागद मिळणार नाही. अडचण एवढीच, की जानेवारी लागला की जुनं कॅलेंडर उतरतं. कुणी वह्यांना कव्हर घालतं, कुणी चुलीत सारतं. माघात वासरू जन्मतं तेव्हा श्रावणाचं पान घरात उरलेलं नसतं. ही पुस्तिका वाचून बाकी काही केलं नाही तरी चालेल. गोठ्यातल्या गाभण गाई व्यायेपर्यंत गेल्या वर्षीचं कॅलेंडर खुंटीवर राहू द्यावं.